मधले दार

हॉटेल निवडणे हेही एक काम असते, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. शाळेच्या कामासाठी पुण्याला नाहीतर नाशिकला जावे, स्टँडजवळ जे लॉज पहिल्याने दिसेल त्यात पिशवी टाकावी आणि सकाळी चहा घेऊन बाहेर पडावे, एवढाच माझा या विषयाशी संबंध. माणूस कामाला जातो किंवा देवाला जातो. मधली रात्र कुठेतरी काढावी लागते, ती काढतो. तिची एवढी चिकित्सा कसली करायची?

पण गेल्या वर्षी पाडव्याला दादा सहकुटुंब डोंबिवलीहून शेलारला आला आणि जेवणे झाल्यावर मुलांनी ठराव मांडला. नाताळच्या सुटीत सगळ्यांनी मिळून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचे. सगळ्यांनी म्हणजे अगदी सगळ्यांनी. माझा नातू साडेतीन वर्षांचा, आमची आई ब्याऐंशी वर्षांची, आणि या दोन टोकांच्या मध्ये आम्ही नऊ जण. वडील जाऊन दोन वर्षे झाली होती. त्यानंतर आम्ही एकत्र जमलो ते श्राद्धाला आणि सणाला. हसण्यासाठी म्हणून जमलोच नव्हतो. त्यामुळे ठरावाला विरोध करण्याचे धैर्य कुणाला झाले नाही. आईने फक्त विचारले, "हे पालीच्या वाटेवरच ना रे?" इमॅजिका खोपोलीहून पालीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हो म्हटल्यावर ती म्हणाली, "मग बल्लाळेश्वराचे दर्शन होईल." तिच्यापुरता प्रवासाचा हेतू ठरून गेला. बाकीचे आमचे आम्ही पाहावे.

आम्ही पाहू लागलो आणि पहिल्या दिवसापासून मतभेद झाले. हे उद्यान 2013 साली उघडले आणि त्याला लागूनच 2015 साली एक मोठे हॉटेल सुरू झाले. मुलांना तेच हवे होते. दादाचे मत पडले लोणावळ्यात एखादा बंगला भाड्याने घ्यावा. मोठा हॉल, त्यात गाद्या अंथरायच्या, स्वयंपाकाला बाई, आणि पार्कला जायचे त्यांनी सकाळी गाडीने जावे. "आपण वज्रेश्वरीला कसे झोपायचो?" हा त्याचा बिनतोड मुद्दा.

वज्रेश्वरीचे नाव निघाले की आमच्या घरात वाद थांबतो. आमच्या घरापुढून जाणारा वाड्याचा रस्ता धरला आणि अंबाडीला वळले की वज्रेश्वरी. चैत्रातल्या जत्रेला आजोबा सगळ्या घराला घेऊन जात. चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर नवस फेडण्यासाठी बांधलेले ते देऊळ, तटासारखी भिंत, दगडी पायऱ्या; आणि खाली तानसा नदीकाठी अकलोलीची ऊन पाण्याची कुंडे. रात्री एका ओवरीत वीस-बावीस माणसे. भिंतीकडून बायका, दाराकडून पुरुष, मधे मुले. कोण कुठे झोपेल हे कुणी ठरवीत नसे, आणि रात्री कोण उठले हे सगळ्यांना कळत असे. आजोबांचा खोकला, काकूचे झोपेतले बोलणे, कुणाचे घोरणे, ही सारी आमची कौटुंबिक मालमत्ता होती.

बंगल्याचा बेत मलाही पटला होता. तो मोडला तो हिने, म्हणजे आमच्या मंडळींनी. ही म्हणाली, "पार्क सकाळी उघडणार, संध्याकाळी मिटणार. आई काही दिवसभर उन्हात बसणार नाहीत. दुपारी त्या दमल्या की त्यांना घेऊन लोणावळ्याचा घाट कोण चढणार? लागून असलेले हॉटेल असेल तर पाच मिनिटांत पलंगावर." एवढ्या सरळ वाक्यापुढे आमची ओवरी टिकली नाही. लागून असलेल्या हॉटेलला दोन पैसे जास्त पडतात ते या पाच मिनिटांचे. तरुण माणसांनी ते देऊ नयेत. ज्यांच्याबरोबर एक म्हातारे आणि एक तान्हे आहे त्यांनी डोळे मिटून द्यावेत.

या कल्पनेचा उगमही मजेदार आहे. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या बागेत घेऊन जाई. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसत आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसे. आईबापांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा असावी, हे त्याला त्या बाकावर सुचले असे तो सांगे. 1955 च्या जुलैत डिस्नेलँड उघडले, आणि त्याच वर्षी त्याच्या शेजारी हॉटेलही निघाले. पण ते बांधले दुसऱ्याच एका गृहस्थाने, कारण डिस्नेचे पैसे उद्यानातच संपले होते. बाकावरच्या बापाची सोय झाली. त्या बापाच्या आईची सोय कुणी करायची, हा प्रश्न मात्र शेलारपर्यंत तसाच चालत आला.

मग मी टेलिफोनवर बसलो. मास्तरकीची तीस वर्षे अंगात मुरलेली, त्यामुळे प्रश्नपत्रिकाच काढली. उद्वाहक आहे का? खोलीपासून तो किती लांब? न्हाणीघरात टब आहे की नुसता फवारा? कारण टबाच्या काठावरून पाय टाकणे हे म्हाताऱ्या माणसाला नदी ओलांडण्यासारखे. उंबरठा? पलंगाची उंची? इन्सुलिन ठेवायला थंड कपाट? पलीकडचा मुलगा फार सभ्य होता. त्याने सगळ्याची उत्तरे दिली आणि शेवटी आपण होऊन विचारले, "सर, आजींसाठी शांत बाजूची खोली देऊ का?" मी खूश होऊन म्हणालो, "अवश्य." हे 'अवश्य' मला पुढे नडले.

त्यानेच एक नवा शब्द मला शिकवला: कनेक्टिंग रूम. दोन खोल्या, दोघींना बाहेरून आपापली दारे, पण मधल्या भिंतीत आणखी एक दार. दोन्ही बाजूंनी कडी काढली तर उघडते, एका बाजूने लावली तर बंद. मला तो शब्द फार आवडला. वाटले, ओवरीचा जीर्णोद्धार झाला!

बारा-एक दिवसांनी कोणत्या खोलीत कोण ते कळवायचे होते. दादा त्यासाठी मुद्दाम रविवारी शेलारला आला. चार खोल्या, एकीत फार तर तीन माणसे. मुलांच्या दोन खोल्या झटकन झाल्या. उरलो आम्ही पाच. दादा म्हणाला, "आई माझ्या खोलीत. मी थोरला." मी म्हणालो, "ती रोज माझ्याकडे असते, तिची सवय मला." दोघांच्याही आवाजात थोडी धार आली होती हे कबूल करतो. आईला सहा महिने डोंबिवलीला न्यायचे की नाही, हा दोन वर्षे न बोललेला वाद त्या चार खोल्यांत येऊन बसला होता.

तेवढ्यात ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आई माझ्याजवळ झोपतील. तुम्हां दोघांना जमायचे नाही."

"न जमायला काय झाले?" मी म्हणालो.

"त्या रात्री दोनला उठतात."

"कधीपासून?"

"माग गेल्यापासून."

हे सांगायला मला आजही जड जाते. मी त्याच घरात राहतो. माझी खोली आणि आईची खोली यांच्यामध्ये एक भिंत आहे. दीड वर्ष आई रोज रात्री दोनला उठत होती, मागच्या दाराची कडी काढून पायरीवर बसत होती. ही तिच्यामागून उठत होती, तिच्या खांद्यावर शाल टाकत होती आणि अर्ध्या तासाने तिला आत आणून निजवत होती. आणि मी झोपलेलो होतो.

ज्यांना भिवंडीची माहिती नाही त्यांना ही गोष्ट उलगडून सांगायला हवी. नदीनाक्यावरून कामवारीचा पूल ओलांडला की आमचे शेलार. आता दोन्ही हातांना गोदामे उठत आहेत, पण माझ्या लहानपणापासून या गावाचा श्वास म्हणजे यंत्रमाग. मागाचा धोटा इकडून तिकडे फेकला जातो, दर फेकीला एक ठोका. एक माग मिनिटाला शंभरावर ठोके सहज देतो. आमच्या परसातल्या पत्र्याच्या कारखान्यात आठ माग होते. पाहुणे यायचे ते पहिल्या रात्री डोळा लागला नाही म्हणून तक्रार करायचे. आमचे उलटे होते. भारनियमनाच्या काळात रात्री वीज गेली की सगळे गाव दचकून जागे व्हायचे. शांतता झाली म्हणून! तान्ही पोरे रडायला लागायची.

आईने या कारखान्यात कांड्या भरल्या, हिशेब ठेवले, आणि रात्रपाळीच्या कारागिरांना दोन वाजता चहा केला. चाळीसएक वर्षे. आजारपण आणि बाळंतपण सोडले तर एक रात्र चुकली नाही. वडील गेल्यावर सहा महिन्यांनी आम्ही माग विकले. विकले म्हणजे भंगारात, किलोच्या भावाने. व्यवहार मीच केला आणि भाव बरा आला म्हणून दादाला फोनही केला. टेंपो गेल्यावर आईने कारखाना झाडून घेतला आणि कडी लावली. ती काही बोलली नाही, म्हणून मी समजलो की तिला काही वाटले नाही. चहा प्यायला कुणी नाही, पण दोन वाजतात आणि ती उठते, हे मला हॉटेलच्या खोल्या वाटताना कळले.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वहिनी ती आणि आई, मधे दार ठेवा, पलीकडे आम्ही दोघे भाऊ." त्याच्या तोंडून 'वहिनी ती' असे माझ्या बायकोबद्दल निघाले, आपल्या धाकट्या भावजयीबद्दल. कुणी दुरुस्त केले नाही. त्याची बायको, म्हणजे आमची खरी वहिनी, "मीही तिकडेच" म्हणाली. बायका भिंतीकडून, पुरुष दाराकडून. वज्रेश्वरीचीच मांडणी झाली. मी त्या सभ्य मुलाला फोन करून सांगितले, शांत बाजूची खोली नको. तो गोंधळला. "नको, सर?" मी म्हणालो, "आमच्या आईला शांततेत झोप येत नाही." असे मागणे त्याला पहिलेच असावे.

प्रवासाचे वर्णन करीत नाही. मानकोली, मुंब्रा बायपास, पनवेल, खोपोली. नातवाला दोनदा उलटी. आधी पालीला गेलो. देवळातली मोठी घंटा चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेतून आणलेली, असे सांगतात. आई म्हणाली, "म्हणजे आपल्याच बाजूची." पार्कात दादाची नात उंची मोजायच्या पट्टीखाली टाचा उंचावून उभी राहिली आणि तरी नायट्रोला नापास झाली. जिच्यात पाय अधांतरी लोंबत राहतात अशी ती लोखंडी घसरण पाहून मला तिचा हेवाच वाटला. आई तासभर बाकावर बसली, चणे खाल्ले, आणि बारा वाजता हिच्याबरोबर खोलीवर गेली. पाच मिनिटे लागली. मी घड्याळ लावून पाहिले होते.

रात्री मधल्या दाराच्या दोन्ही कड्या काढून ठेवल्या. मी ठरवून जागा राहिलो, निदान तसे ठरवले तरी होते. जाग आली ती भांड्याच्या आवाजाने. दादाचा पलंग रिकामा होता. दारातून पाहिले तर पलीकडे छोटा दिवा लावलेला. खोलीत पाणी तापवायची विजेची किटली असते, ती आईने शोधून काढली होती. तिच्यापाशी ती उभी, हातात साखरेच्या पुड्या. ही पलंगावर बसून जांभया देत होती. वहिनी गाढ झोपेत. दादा आईच्या शेजारी उभा राहून किटलीचे बटण कसे दाबायचे ते सांगत होता आणि आई म्हणत होती, "दाबले रे मघाशीच."

मला पाहून ती म्हणाली, "तूही उठलास? किती जण जागे आहात?"

"चौघे," दादा म्हणाला.

टेबलावर दोनच कप होते. मी मधल्या दारातून मागे फिरलो आणि अंधारात आमच्या टेबलावरचे दोन कप चाचपडून घेऊन आलो.