चर्चभोवतीचं रान

इथिओपियातल्या बाहिर दारच्या विमानतळावर उतरण्याआधी खिडकीतून खाली नुसती नांगरलेली जमीन दिसत होती, नजर पोहोचेल तिथपर्यंत तपकिरी. त्यात मध्येच एक गडद हिरवा ठिपका. पुढे दुसरा, मग तिसरा. प्रत्येक ठिपक्याच्या पोटात एक पत्र्याचं छप्पर चमकत होतं. उत्तर इथिओपियाच्या पठारावर जुनं जंगल जे काही उरलंय ते बहुतेक या ठिपक्यांतच, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एका चर्चचं आवार. एकट्या दक्षिण गोंदर भागात अशी हजारावर चर्च आहेत.

जमिनीवरून तर आणखी नवल वाटतं. तेफ हे धान्य कापलेल्या शेतातून भर उन्हात चालत आले आणि एका पावलात सावलीत शिरले. अंगाला गारवा लागला. डोक्यावर उंच जुनिपर, जाडजूड खोडांचे रानऑलिव्ह, फांद्यांत माकडं, आणि बाहेर कुठेच न ऐकलेला पक्ष्यांचा कलकलाट. एका फांदीला चामड्याच्या वादीने दोन लांबट दगड टांगले होते. हीच इथली घंटा. सोबतच्या म्हाताऱ्या धर्मगुरूंनी हातातल्या गोट्याने त्यावर ठोका दिला. दगडातून इतका स्वच्छ नाद निघेल असं मला वाटलं नव्हतं.

इथिओपियाच्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो चौथ्या शतकात. तिथल्या ऑर्थोडॉक्स तेवाहेदो पंथाच्या प्रत्येक चर्चमध्ये, अगदी आतल्या गाभाऱ्यात, बायबलमधल्या कराराच्या कोशाची, म्हणजे पवित्र पेटीची, प्रतिकृती असते. ती पडद्याआड, पडद्याभोवती भिंती, भिंतींभोवती रान. झाडं हे चर्चचं वस्त्र, असं ही माणसं मानतात. झाडं तोडली तर देवाचं घर उघडं पडेल. एवढ्या एका श्रद्धेने ही झाडं पिढ्यान्‌पिढ्या राखली आहेत.

पण मला झाडांइतकीच माणसंही आठवतात. रानाच्या कडेला इवल्या झोपड्यांत धर्मविद्या शिकणारी गरीब घरची मुलं राहतात, गावात भिक्षा मागून जेवतात. झऱ्याच्या पवित्र पाण्याने बरं वाटेल या आशेने आजारी माणसं येऊन राहतात. गावातली मेलेली माणसं इथेच पुरलेली. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही, त्यालाही इथे सावली आणि पाणी आहे.

जमिनीचा विषय इथे साधा नाही. सम्राटाच्या राज्यात जमीन राजघराण्याची, सरदारांची आणि चर्चचीही होती. अनेक ठिकाणी कसणारा कूळ म्हणूनच राबायचा. 1974 मध्ये क्रांती झाली आणि 1975 मध्ये सगळी शेतजमीन सरकारने ताब्यात घेऊन कसणाऱ्यांना वाटली. चर्चची मोठी वतनं गेली, आणि ती जायलाच हवी होती. हाती राहिलं भोवतीचं रान. वतन गेल्यावरही ते जपलं, याचं मला मोल वाटतं. आणखी एक सांगायला हवं. इथल्या ताना सरोवरातल्या काही बेटांवरच्या मठांत बाईला आजही पाऊल ठेवता येत नाही. मला काठावरूनच परतावं लागलं आणि ते मला मुळीच पटलं नाही.

श्रद्धेने कुऱ्हाड थांबवली, पण गुरं थांबली नाहीत. शेळ्या-गाई आत शिरतात, कोवळी रोपं खातात, तुडवतात. म्हातारी झाडं उभी दिसतात, खाली नवं काही उगवत नाही. इथिओपियाचे वनशास्त्रज्ञ अलेमायेहू वासी यांनी हे अभ्यासून दाखवलं. त्यांच्यासोबत अमेरिकन शास्त्रज्ञ मेग लोमन यांनी धर्मगुरूंना जमवून उपग्रहातून घेतलेली चित्रं दाखवली. आपलं रान किती छोटं उरलंय हे धर्मगुरूंनी वरून पाहिलं. तोडगा निघाला तो दगडी कुंपणाचा.

तसं एक कुंपण मी जवळून पाहिलं. चुना नाही, सिमेंट नाही. शेतातले दगड उचलून एकमेकांत बसवलेले, छातीइतकी उंची. दगड निघाले म्हणून शेतकऱ्याचा नांगर मोकळा झाला, भिंत झाली म्हणून गुरं अडली. धर्मगुरूंनी मला वाकायला लावलं. भिंतीच्या आत, पाचोळ्यातून बोटभर उंचीची कितीतरी रोपं वर आली होती. भिंतीबाहेर एकही नाही. मी गेले तेव्हा तिथे शांतता होती. 2023 पासून या अम्हारा प्रांतात लढाई पेटली आहे, आणि झोपड्यांतल्या त्या मुलांची आठवण काढल्याशिवाय मला राहवत नाही.

देवाच्या नावाने राखलेली अशी रानं आपल्याकडेही आहेत, देवराया. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, त्यामुळे आपल्याकडे काय आहे ते आपल्याला चांगलं माहीत आहे. तरी जीर्णोद्धार निघाला की सभामंडप, फरशी आणि गाड्यांसाठी जागा करायला पहिली कुऱ्हाड देवाच्याच झाडांवर पडते. तुमच्या गावात अशी वर्गणी मागायला कुणी आलं, तर पैसे देण्याआधी एवढंच विचारा: आराखड्यात राई किती एकर दाखवली आहे? आकडा कागदावर येईपर्यंत पावती फाडू देऊ नका.