नायकाचे पूर्ववृत्त

संगणकावरील भूमिकाप्रधान खेळांत कथेचे बी नायकाच्या घडणीतच असते. नायक कोरा ठेवावा, की पूर्वचरित्रासह उभा करावा, हा तेथील मूळ प्रश्न. हे खेळ म्हणजे केवळ हाणामारी, हा समज मला तरी मान्य नाही.

१९८५ सालच्या 'अल्टिमा ४' मध्ये 'तू कोण?' असे थेट विचारीत नाहीत. दोन सद्गुण परस्परांसमोर ठेवून कोणता राखशील, एवढेच पुसतात. उत्तरांवरून नायकाचा पेशा ठरतो. पुढे मंत्रद्रव्ये विकणारी आंधळी माणसे भेटतात. मोल आपणच मोजून द्यायचे. कमी दिले तर कोणी हटकीत नाही, परंतु प्रामाणिकपणा उणावतो. शेवटी कोणा दैत्याचा वध नाही. आठ सद्गुण साधून 'अवतार' व्हायचे. (शब्द आपला, दिशा मात्र उलटी: आपला अवतार वरून उतरतो, हा खालून चढतो.)

१९९९ च्या 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'चा नायक शवागारात जागा होतो. नाव नाही, स्मृती नाही. पाठीवर गोंदलेला मजकूर तेवढा आहे. खेळणाराही तितकाच अजाण, म्हणून दोघांचा शोध बरोबरीने चालतो. ही युक्ती इतकी सोयीची, की २००७ च्या 'विचर'मध्ये पोलिश कथांतून आयता आलेला गेराल्टही स्मृती हरवूनच येतो. आपल्या कीर्तनात याच्या उलट रीत. रामाचे पुढे काय होणार हे श्रोत्यांना ठाऊक असते, म्हणूनच बुवांना आख्यान रंगविता येते.

हे मला इतके का लागते, तेही सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखातून मुंबई राज्यात गेला. आमचे घराणे गौलीगुड्यातच राहिले. घरात मराठी, बाहेर तेलुगू नि दखनी. आता भाचा नोकरीसाठी परदेशी निघाला आहे. परवा एका नव्या खेळासाठी त्याने नायक घडविला. चेहरा, केस, शस्त्र सारे चोखंदळपणे निवडले, आणि पूर्ववृत्तांच्या यादीतून 'अनाथ' घेतले. कारण विचारले.

"मामा, त्याला मागचे काही सांगत बसावे लागत नाही."

'टॉर्मेंट'च्या नायकाला स्वतःचे काही आठवत नाही खरे. पण वाटेत भेटणारे त्याला ओळखतात, आणि त्यांत त्याने दुखावलेलेही असतात. जाण्यापूर्वी तेवढा खेळ पुरा कर, असे मी त्याला सांगितले आहे.