बालगंधर्वांचे शौक आणि गोहरबाईंचा हिशेब

शौक हा शब्द मूळचा अरबी. उर्दूच्या तासाला मी त्याचा अर्थ 'ओढ, आस' असा सांगते. मराठीच्या तासाला तोच शब्द आला की मुले हसतात. कारण आपल्याकडे शौक म्हणजे उधळपट्टी आणि शौकीन म्हणजे घर बुडवणारा. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांचे आयुष्य या दोन्ही अर्थांच्या मधोमध गेले.

त्यांना अत्तराचे भारी वेड. नाट्यगृहात अत्तर दरवळायचे आणि त्याचा मान प्रेक्षकांनाही मिळायचा. रंगमंचावर खोटी जर त्यांना चालत नसे. शालू खरा, गालिचा खरा. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीने 'द्रौपदी' नाटकाच्या मयसभेवर केलेला खर्च आजही सांगितला जातो. ते नेसत तशी लुगडी आणि माळत तसे गजरे घरंदाज बायका उचलत. पंगतीतही हात आखडता नसे. समोरच्याला 'देवा' म्हणायचे आणि प्रेक्षकांना 'मायबाप', ही त्यांची रोजची सवय.

शौक सुरांचाही होता. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. एवढे मोठे कलावंत नाटक कंपनीत पदरी ठेवायचे म्हणजे पैसा लागणारच. हिशेबाची वही मात्र त्यांना कधी जमली नाही. कंपनीवर कर्ज चढले, तेव्हा त्यांनी हात वर केले नाहीत. नाटके करत ते फेडत राहिले. १९२१ साली केशवराव भोसल्यांबरोबर केलेल्या संयुक्त 'मानापमान'चे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेले. आणि १९११ मध्ये त्याच 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी घरात लेकीचा मृत्यू झालेला असताना ते रंगमंचावर उभे राहिले. या माणसाला नुसता चैनी म्हणणे मला पटत नाही.

आता गोहरबाईंकडे येते. त्या कर्नाटकातल्या गायिका, बालगंधर्वांच्या गायकीच्या वेडाने त्यांच्यापर्यंत आलेल्या. दोघांनी रंगमंचावर एकत्र कामे केली आणि पुढे १९५१ मध्ये लग्नही केले. आपल्याकडच्या गप्पांत मात्र बालगंधर्वांच्या उतरत्या काळाचा सगळा दोष या बाईंच्या माथी मारला जातो. बाई परकी, गाणारी, त्यातून मुसलमान. मग दोष द्यायला आणखी काय हवे?

जरा तारखा लावून पाहा. १९३१ मध्ये 'आलमआरा' आला, १९३२ मध्ये मराठीत 'अयोध्येचा राजा'. बोलपटाने नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला आणि एकेक कंपनी मोडत गेली. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त पडद्यावर आले. गोहरबाई आल्या त्या या सगळ्यानंतर, तीसच्या दशकाच्या अखेरीस. घर आधीच खचले होते. पुढे पायांनी साथ सोडली तेव्हा या कलावंताला सांभाळले, ते त्यांनीच. १५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्व गेले. गोहरबाई त्यांच्याही आधी गेल्या होत्या.

थिरकवांच्या तबल्याचे, कादरबक्षांच्या सारंगीचे आपण कौतुक करतो आणि ते करायलाच हवे. साथीला बसलेला मुसलमान आपल्याला चालतो, घरात आलेली मुसलमान बाई खुपते. बालगंधर्वांना हा फरक करता आला नाही. सूर जिथे जुळला तिथे त्यांनी माणूसही आपला मानला, आणि त्याची किंमत दोघांनी मिळून मोजली.

माझ्या वर्गात दोन्ही भाषांची मुले आहेत. बालगंधर्वांचे नाव निघाले की मी त्यांना गोहरबाईंचे नावही सांगते. शौकाचा अर्थ उधळपट्टी नाही, ओढ आहे, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही.