तात्यांची वही

आमच्या तात्यांनी आयुष्यभर दोन वह्या मोठ्या निगुतीने लिहिल्या. एक दुधाच्या रतिबाची आणि दुसरी मोटारीची. २०१६ साली तात्या गेले. दुधाची वही त्यांच्याबरोबरच संपली. मोटारीची मात्र माझ्या गळ्यात पडली, कारण तिच्यामागोमाग मोटारही आली.

मोटार म्हणजे काही फार मोठे प्रकरण नव्हे. मारुती ८००, पांढरी, २००४ सालची. या घराण्यातल्या पहिल्या गाडीची किल्ली १९८३ च्या डिसेंबरात इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि २०१४ च्या जानेवारीत घराण्याचा वंश खुंटला. इंजिन तीन सिलिंडरांचे, ७९६ सी.सी.चे. पण पुण्याच्या मध्यमवर्गाला महाबळेश्वर, गणपतीपुळे आणि मुलीचे सासर या तिन्ही तीर्थांचे दर्शन तिने घडवले, हे विसरून चालणार नाही.

२०१९ च्या नोव्हेंबरात आमच्या गाडीला पंधरा वर्षे झाली. आर.टी.ओ.ची तपासणी झाली, पर्यावरण कर भरला आणि आणखी पाच वर्षांचे आयुष्य तिला सरकारमान्य झाले. ही बातमी ऐकून आई म्हणाली, "मग मला एकदा चिपळूणला ने. माहेरची वास्तू विकायच्या आधी बघायची आहे."

"अहो, भाड्याची गाडी करू," सौ. म्हणाली. "आई पंच्याहत्तरीच्या. ही गाडी पावणेदोन लाख किलोमीटर चाललेली. वाटेत बसली म्हणजे?"

मी तात्यांची वही तिच्यापुढे आपटली. तात्या लेखा खात्यातले. तारीख, किलोमीटर, काम, खर्च असे चार रकाने आखून त्यांनी मोटारीचा सारा जन्म नोंदवला होता. शेवटच्या पानावर लाल शाईने नियम होते. दर पाच हजारांना इंजिन ऑइल व फिल्टर. नव्वद हजारांना टायमिंग बेल्ट, चांगला दिसला तरी. कारण तो तुटण्यापूर्वी पत्र पाठवत नाही. कूलंट ठरल्या वेळी बदलणे, गंज रोखण्याचा त्याचा गुण झिजतो. रबरी नळ्या बोटांनी दाबून पाहणे. कडक लागल्या वा चिरा दिसल्या की रजा देणे. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचणे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारे होते.

आणि सातवा नियम : 'दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. पातळी बरोबर असली तरी.'

मी वही घेऊन मिस्त्रींकडे गेलो. टायमिंग बेल्ट बदलला, इंजिन ऑइल बदलले, दोन नळ्या नव्या घातल्या, पुढचे दोन्ही टायर नवे घेतले. आईसाठी म्हणून सीटला मऊ अभ्रेही शिवले. बिलाचा आकडा पाहून माझा उत्साह ओसरू लागला होता, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "साहेब, ब्रेक ऑइल काळं पडलंय. शेवटचं २०१५ ला बदललेलं दिसतं."

"पातळी आहे ना बरोबर?"

"पातळी आहे."

"मग राहू द्या. आल्यावर बघू."

चारपाचशे रुपयांची ती बचत होती. अभ्र्यांना याहून अधिक खर्च झाला होता.

पहाटे पाचला निघालो. कात्रजचा बोगदा मागे पडला, खंबाटकीचा घाट गाडीने कुरकुर न करता चढला, आणि साताऱ्याला अजिंक्यतारा उन्हात आला तेव्हा सौ.नेही कबूल केले की गाडी "बरी चालली आहे". उंब्रजला महामार्ग सोडून मल्हारपेठ, पाटण करीत आम्ही कोयनेच्या खोऱ्यात शिरलो. दोन्ही बाजूंना कापणीला आलेली शेते, मधूनच उसाचा पट्टा, आणि पुढे एकाआड एक निळे होत जाणारे डोंगर. कोयनानगरला चहा घेतला. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे इथे भूकंप झाला तेव्हा आई चिपळुणात होती. "फळीवरची भांडी आपोआप खाली आली," ती म्हणाली. "आम्ही अंगणात उजाडेपर्यंत बसून. तुझ्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी घराची प्रत्येक भिंत हाताने चाचपली. वरून काही दिसत नव्हतं, तरी."

मला तेव्हा त्या वाक्यातली खूण कळली नाही.

कुंभार्लीचा घाट पाटणकडून आलेल्या माणसाला फसवतो. देशावरून येताना चढ असा फार जाणवत नाही. एकदम रस्त्याची कड संपते आणि खाली सारे कोकण पसरलेले दिसते. त्या दिवशी दरीत धुके होते व त्यातून झाडांचे शेंडे वर आले होते. आई खिडकीशी सरकली. चिरंजीवांनी फोटो काढायला सुरुवात केली. मी मात्र जेवायला चिपळूण गाठायच्या घाईत होतो. समोर एस.टी.ची लाल गाडी खालच्या गिअरात घुमत संथ उतरत होती. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हा तिच्या चालकाचा धर्म. मी तिला मागे टाकले आणि तिसऱ्या गिअरात, दर वळणाला ब्रेक दाबत, उतरू लागलो.

सातआठ वळणांनंतर जळका वास आला. पुढच्या वळणाआधी पाय दाबला, तर पेडल ओल्या गादीत रुतावे तसे खाली गेले. गाडी मंदावली नाही. दुसऱ्यांदा दाबले, तिसऱ्यांदा दाबले, तेव्हा कुठे थोडा धर आला. डावीकडे कडा, उजवीकडे कठडा आणि कठड्यापलीकडे धुके. मी दुसरा गिअर टाकला. इंजिन ओरडले, पण वेग उतरला. मग हँडब्रेक हळूहळू ओढत कड्याकडेच्या एका रुंद जागेत गाडी उभी केली. माझे हात इतके थरथरत होते की किल्ली फिरवायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

गाडीत कोणी बोलले नाही. थोड्या वेळाने आई शांतपणे म्हणाली, "हे इथंच थांबायचे. दर वेळी. म्हणायचे, गाडीला दम खाऊ दे."

तिला काय घडले ते कळले होते की नाही, मी आजवर विचारलेले नाही.

पाऊण तास थांबलो. तापलेल्या चाकांवर पाणी ओतण्याचा मोह झाला, पण तापल्या लोखंडावर गार पाणी घालू नये एवढी अक्कल शिल्लक होती. पेडल पुन्हा कडक झाले. उरलेला घाट पहिल्या गिअरात, माणसाच्या चालीने उतरलो. मघाची लाल गाडी केव्हाच पुढे निघून गेली होती. पोफळीला सपाट रस्ता लागला तेव्हा सौ.ने इतका वेळ धरलेला माझा खांदा सोडला.

चिपळूणच्या मिस्त्रींनी नळीतून जुने ब्रेक ऑइल काढले. ते कोऱ्या चहासारखे दिसत होते. नवे ओतले ते मधासारखे. ते म्हणाले, "हे तेल हवेतलं पाणी पितं, साहेब. पातळी तीच राहते, पण आत पाणी असतं. घाटात ब्रेक तापले की ते उकळतं, वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही." पुढे मी वाचले : साध्या डॉट ३ जातीचे कोरे तेल २०५ अंशांच्या आत उकळू नये असा दंडक आहे, सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की तीच मर्यादा १४० अंशांवर येते. तात्यांना हे आकडे ठाऊक होते का, कोण जाणे. नियम ठाऊक होता.

आईने माहेरची वास्तू पाहिली. प्रत्येक खोलीत जाऊन भिंतीवर हात ठेवला. मी ओटीवर बसून वही उघडली. २०१६ पासूनचे रकाने कोरे होते. इंजिन ऑइल मी अधूनमधून बदलत होतो. पण कधी, किती किलोमीटरला, याचा पत्ता नव्हता. जुनी मोटार वयाने दगा देत नाही. मालकाच्या विसराळूपणाने देते. विसरू नये म्हणूनच तात्या लिहीत होते. मी पहिली नोंद केली : 'ब्रेक ऑइल बदलले. चिपळूण. दोन वर्षे उशीर.' खर्चाच्या रकान्यात आकडा लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो.

२०२४ साली गाडी दुसऱ्यांदा पास झाली. मधल्या काळात ब्रेक ऑइल दोनदा बदलले. तारखा वहीत आहेत. दिवाळीनंतर आम्ही कोकणात उतरतो ते दुसऱ्या गिअरात, आणि त्या रुंद जागेवर न चुकता थांबतो. चिरंजीव आता गाडी चालवतात. परवा त्यांनी विचारले, गाडीला काही झालेले नसताना थांबायचे कशाला?

मी वही त्यांच्या हातात दिली.