घोड्याच्या पोटात

घोडा पारखणाऱ्या माणसाविषयी मला नेहमीच आदर वाटत आला आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. हा माणूस तिथे पाहावा. तो दात पाहून वय काढतो, अंगावरचे भोवरे शोधतो, खूर उचलून बघतो आणि तरीही जनावर पळवून दाखवा म्हणतो. विकणाऱ्याच्या गोड बोलण्याकडे त्याचे लक्षच नसते!

घोड्यांच्या त्या गर्दीत मला हटकून ट्रॉयचा लाकडी घोडा आठवतो. त्याच्या पोटात ग्रीक शिपाई दडले होते. लाओकून नावाच्या पुजाऱ्याने त्यावर भाला फेकला, तेव्हा आतून पोकळ आवाज आला, अशी कथा आहे. पण तो आवाज मनावर कोण घेणार?

आज याच घोड्याचे नाव एका नव्या दग्याला मिळाले आहे: ‘हार्डवेअर ट्रोजन’. संगणकाची चिप एका देशात आखतात, दुसऱ्या देशात घडवतात. वाटेत कुणी तिच्या अब्जावधी ट्रान्झिस्टरांत मूठभर आगाऊ जोडण्या घुसडल्या तर? एरवी ती शहाण्यासारखी काम करते; ठरलेली खूण मिळाली की मात्र गुपिते फोडते, नाहीतर बंद पडते. साध्या चाचणीत ती खूण येईलच कशाला?

म्हणून परीक्षक लाओकूनची वाट धरतात. चिप किती वीज खाते, किती तापते, उत्तराला किती वेळ लावते, यांवरून पोटातले ओळखायचे. पण मूठभर जोडण्यांचा आवाज फार बारीक! 2023 साली जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी चार चिप घासून उघड्या केल्या आणि त्यांची सूक्ष्म छायाचित्रे आराखड्यांशी ताडली. 40 फेरफारांपैकी 37 सापडले; निसटलेले तिन्ही सर्वांत बारीक, 28 नॅनोमीटरच्या चिपमधले होते.

मात्र अशी उघडलेली चिप पुन्हा कामाची राहत नाही. तपासली ती वापरता येत नाही, आणि वापरतो ती उघडून पाहिलेली नसते. पोट फाडून कुणी घोडा विकत घेतला आहे काय?

माझ्या थोरल्या भावाच्या छातीत ठोके सांभाळणारे एक यंत्र बसवले आहे. त्यातही चिप आहे. तिचे दात कुणी पाहिले असतील, हा प्रश्न मी त्याला कधी विचारला नाही. रात्री त्याला स्वस्थ झोप लागते, ती कशाला मोडा?

2019 साली मुंबईच्या आयआयटीने ‘अजित’ नावाचा प्रोसेसर पुढे आणला. तो घडला मोहालीच्या सरकारी कारखान्यात. ती बातमी वाचून मला बरे वाटले. घरच्या पागेतला घोडाही लाथ मारतो, हे खरे; पण त्याला खरारा कुणी केला, हे निदान विचारता तरी येते.