काम केवढं तोडायचं

हॅस्केलसारखी लेझी भाषा मागितल्याशिवाय कुठलंच गणित सोडवत नाही. ती त्याचा थंक करून ठेवते आणि गरज पडली की तेवढंच सोडवते. समांतर संगणकाचा स्वभाव उलटा. रिकाम्या कोअरला काम आधीच हवं असतं. या दोघांना एकत्र नांदवायचं काम मी करतो आणि ते मला मनापासून आवडतं.

पुण्यात सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला, तेव्हा त्यातल्या ट्रान्सप्युटर प्रोसेसरांना काम वाटणं, त्यांच्यात निरोप पाठवणं हे सगळं प्रोग्रॅमरच्याच अंगावर होतं. हॅस्केलचं शुद्ध फंक्शन मात्र कुणीही, कधीही सोडवलं तरी उत्तर तेच. ‘पार’ लिहून ‘हे समांतर सोडवता येईल’ असं आपण नुसतं सुचवतो. रनटाइम त्याचा स्पार्क करून ठेवते, मोकळा कोअर तो उचलतो. उत्तर बिघडत नाही, पण वेळ वाया जाऊ शकतो.

आमच्याकडे पालीला, राजगडाच्या पायथ्याशी, इर्जिकीला, म्हणजे गावाने मिळून करायच्या शेतकामाला, लावणी करणाऱ्यांना एकेक रोप देऊन परत बोलावलं, तर दिवस बांधावर चालण्यातच जाईल. दहा लाख आकड्यांना दहा लाख स्पार्क दिले की तेच होतं. हॅस्केलच्या जीएचसी या कंपायलरमध्ये एका कोअरच्या पूलमध्ये ४,०९६ स्पार्क मावतात. वरचे टाकून दिले जातात. म्हणून यादीचे गठ्ठे करायचे.

दुसरी मेख लेझीपणातच आहे. घटक किती खोल सोडवायचा हे सांगणारं ‘आरसेक’ फक्त बाहेरच्या कन्स्ट्रक्टरपर्यंत सोडवतं. घटक जोडी असेल तर कोअर जोडीचं कवच देऊन मोकळा होतो. आतले थंक मुख्य थ्रेड एकटा सोडवत बसतो. ‘आरडीपसेक’ आतपर्यंत सोडवतं, पण कधी लागलंच नसतं तेही सोडवतं.

शिवाय थंक मेमरी अडवतात आणि मेमरीच्या साफसफाईला, म्हणजे गार्बेज कलेक्शनला, सहसा सगळे कोअर थांबतात. आयआयटी मुंबईचे अमिताभ सन्याल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली लेझी भाषांसाठी लाइव्हनेसवर आधारलेलं गार्बेज कलेक्शन मांडलं: हाताशी असलेली, पण पुढे न लागणारी माहितीही टाकून द्यायची. हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

प्रोग्रॅम संपला की मी रनटाइमचा अहवाल उघडतो. ‘कन्व्हर्टेड’, म्हणजे खरंच समांतर सोडवलेले स्पार्क, कमी आणि ‘फिझल्ड’ जास्त असतील, तर मोकळा कोअर पोचायच्या आत मुख्य थ्रेडने कामं उरकलेली असतात. म्हणजे तुकडे बहुधा फार लहान झाले.

नव्याने या वाटेला येणाऱ्यांनी आधी एका कोअरवरचा वेळ मोजावा, मग गठ्ठा बदलून पुन्हा मोजावा. काम वाटायचं रनटाइम बघते. ते केवढं तोडायचं, हे अजून आपणच ठरवायचं आहे.