‘मॉरिटेनिया’ आगबोट आणि आमचे आजोबा

लहानपणीं एका जुन्या चित्रपुस्तकांत मीं ‘मॉरिटेनिया’ आगबोटीचें चित्र प्रथम पाहिलें. चार उंच धुराडीं, त्यांतून मागें लोटलेला धूर, आणि धक्क्यावर मुंगीएवढीं माणसें! पुस्तक घेऊन मी आजोबांकडे धांवलों. ते रेल्वेंत आगवाले होते. वाफेच्या इंजिनांत कोळसा घालण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. त्यांनीं चष्मा पुसून चित्र न्याहाळलें व एवढेंच विचारिलें, “अरे, हिला कोळसा कोण घालीत असे?”

मजजवळ उत्तर नव्हतें.

हायस्कुलांत आल्यावर मीं माहिती जमविली व ती त्यांस वाचून दाखवूं लागलों. ही आगबोट इंग्लंडांत टाइन नदीच्या कांठीं बांधिली गेली. २० सप्टेंबर १९०६ रोजीं ती पाण्यांत उतरली व १९०७ च्या नोव्हेंबरांत लिव्हरपूलहून न्यूयॉर्कच्या पहिल्या सफरीस निघाली. लांबी ७९० फूट; चार्ल्स पार्सन्स यांनीं शोधून काढिलेलीं टर्बाईन यंत्रें तिचे चार पंखे फिरवीत. १९०९ सालीं ताशीं सरासरी २६ सागरी मैलांच्या वेगानें तिनें अटलांटिक ओलांडला, आणि तो मान वीस वर्षें कोणास हिरावून घेतां आला नाहीं.

आजोबा जांभई देत होते. मग मी कोळशाकडे वळलों. दिवसाकाठीं सुमारें १,००० टन कोळसा, २५ बॉयलर, आगवाले व कोळसा वाहून आणणारे मिळून तीनशेंहून अधिक माणसें. चार तास भट्टीपुढें, आठ तास विसांवा, पुन्हां भट्टी. (माणशीं वांटा किती पडतो, हें वाचकांनीं स्वतःच भागाकार करून पाहावें.) आजोबा सावरून बसले. “हजार टन!” ते म्हणाले, आणि आपल्या तळहाताकडे पाहूं लागले.

महायुद्धांत ती सैनिक व जखमी वाहत होती. ७ मे १९१५ रोजीं तिची बहीण ‘लुसिटेनिया’ जर्मन पाणबुडीनें बुडविली. सुमारें १,२०० माणसें प्राणांस मुकलीं. १९२१ सालीं साउदॅम्प्टन बंदरांत ‘मॉरिटेनिया’स आग लागली, आणि दुरुस्तींत कोळसा जाऊन तेल आलें. भट्टीपुढें आतां थोडींच माणसें पुरूं लागलीं.

“आमच्याकडे डिझेल आलें,” आजोबा हळूच म्हणाले, “त्या दिवशीं फावडें जमा करून घेतलें. पावती दिली.”

१९२९ च्या जुलैंत ‘ब्रेमेन’ या जर्मन आगबोटीनें तिचा मान घेतला. पुढच्याच महिन्यांत, बाविसाव्या वर्षीं, ही म्हातारी आपल्या साऱ्या आयुष्यांत धांवली नव्हती एवढ्या वेगानें धांवली. तरी ‘ब्रेमेन’ला गांठूं शकली नाहीं. मला भरून आलें. आजोबांनीं विचारिलें, “तेलावरच ना?”

२६ सप्टेंबर १९३४ रोजीं तिनें न्यूयॉर्क कायमचें सोडलें. त्याच दिवशीं स्कॉटलंडांत ‘क्वीन मेरी’ पाण्यांत उतरली. १९३५ च्या जुलैंत ती मोडण्याकरितां रोसाइथ येथें गेली. वाटेंत फोर्थच्या पुलाखालून जातां यावें म्हणून तिच्या डोलकाठ्या आधींच कापल्या होत्या.

हें पान वाचावें कीं नाहीं, याचा मीं बराच विचार केला. शेवटीं वाचलें. आजोबा पुष्कळ वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “धुराडीं तोडतांना कोळशाची काजळी निघालीच असेल.”